पाळीपाळीने

४ मार्च, सोमवार

खुर्ची पुन्हा गरम. शी! बायकोचीच ऊब आहे, मान्य. पण दुसऱ्याच्या अंगाने तापलेल्या रेक्झिनवर बसायचं म्हणजे बसमध्ये कोणी नुकतंच उठून गेलेल्या जागेवर टेकण्यासारखं. तिथे निदान उठून गेलेला माणूस अनोळखी असतो!

या आठवड्यात ही सकाळपाळी, मी दुपारपाळी. पुढच्या आठवड्यात उलटं. गावाला पाणी पाजायचं काम — जलशुद्धीकरण केंद्राची नियंत्रण-खोली. तिथली ही एक खुर्ची क्षणभरही रिकामी ठेवायची नाही, असा नियम. येणारा बसेपर्यंत जाणाऱ्याने हलायचं नाही. नवराबायको दोघंही याच खुर्चीचे नोकर. टिटवी — आमची लेक, दुसरीत आहे, तोंड मिटत नाही म्हणून टिटवी — तिला शाळेतून मी इथे आणायची. मग ही मला खुर्ची देणार, मी हिला टिटवी देणार. झाला संसार! आठवड्याची सुट्टीसुद्धा हिची शुक्रवारी, माझी रविवारी. लेक जन्मल्यापासून असंच. पाळणाघर नको म्हणून. अक्कल आमचीच.

आज ही म्हणाली, "गढूळपणा वाढलाय, तुरटी वाढवली आहे. दोन नंबरचा फिल्टर धुवायचा राहिलाय. क्लोरीन ठीक."

मी म्हणालो, "डबा अर्धा खाल्लाय. नाक वाहतंय. सातचा पाढा येत नाही."

दोघांचा आवाज एकच! बेरीज वाचून दाखवावी तसा. टिटवी तेवढा वेळ काचेवर श्वास सोडून बोटाने मांजर काढत होती. मग मायलेकी गेल्या. जाताना ही माझ्याशी काही बोलली का, ते आठवत नाही.

६ मार्च, बुधवार

शेजारीण जिन्यात भेटली. मी टिटवीची वेणी घालून तिला शाळेत न्यायला निघालो होतो. "भाग्यवान हो तुमची बायको! किती मदत करता तिला!"

मदत! पोरगी काय शेजाऱ्यांची आहे, मी मदत करायला? हिला तीच बाई विचारते, "पोरीला टाकून जाववतं कसं गं तुला?" म्हणजे मी वेणी घातली की देवमाणूस, आणि हिने एक दिवस घातली नाही की कैदाशीण.

तळपायाची आग मस्तकात जायला हवी होती. गेली नाही. उलट बरं वाटलं. जिना उतरेपर्यंत मी हसत होतो. आत्ता लिहिताना त्या हसण्याची किळस येतेय.

७ मार्च, गुरुवार

आम्हा दोघांचे टूथब्रश कधीच एकदम ओले नसतात. एक ओला, एक वाळलेला. एवढ्यावरून कळतं की ही राहते इथे.

१४ मार्च, गुरुवार

आज भाषण होतं. विषय — 'नोकरी आणि कुटुंब यांचा समतोल'. हजेरी सक्तीची. वेळ कधीची? सकाळपाळी सुटल्यानंतरची! म्हणजे जो वेळ मी पोरीबरोबर काढायचा, त्या वेळात मला बसवून सांगणार की पोरीबरोबर वेळ काढा. ज्याने हे ठरवलं त्याचा सत्कार करायला हवा.

टिटवीला घेऊनच बसलो. दुसरं करणार काय? हिला खुर्चीवर बसून जेमतेम दहा मिनिटं झाली होती.

भाषणवाली बाई बाहेरून आणलेली. पडद्यावर भला मोठा तराजू. एका पारड्यात घर, एका पारड्यात कचेरी. मी मनात नाव ठेवलं — तराजूबाई. म्हणाल्या, "दिवसातून फक्त वीस मिनिटं दर्जेदार वेळ द्या." दर्जेदार! वेळाचेही नमुने बाटलीत भरून तपासायचे की काय? आमच्या रांगेतला पंपवाला केव्हाच घोरायला लागला होता. नशीबवान.

मग बाईंचं टिटवीकडे लक्ष गेलं. "बाळा, बाबा तुझ्याशी काय काय खेळतात?"

टिटवी उभी राहिली. शाळेत शिकवलंय, उत्तर उभं राहून द्यायचं. "खेळत नाहीत. बाबा मला घेतात. मग आईला देतात."

सगळे हसले. साहेबही हसले. तराजूबाई म्हणाल्या, "अगंबाई, किती गोड!" गोड कुठून आलं त्यात? मीही हसलो. सगळे हसत असताना एकट्याने तोंड वाकडं करून बसायला छाती लागते.

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या बाईला मनसोक्त शिव्या देत बाहेर पडलो, तर ती गाड्या लावायच्या जागेत उभी. एका हातात बिस्किटाचा पुडा, खांद्याने कानाशी धरलेला फोन. "हो रे राजा, निघालेच. नाही, आज नक्की. अरे, रडू नकोस ना!" तोंडातला बिस्किटाचा भुगा तिच्या चांगल्या कपड्यांवर सांडत होता. मी टिटवीचा हात धरून भराभर पुढे गेलो. दया वगैरे नाही आली. आरशात पाहिल्यावर जे होतं ते झालं.

२१ मार्च, गुरुवार

टिटवी ओकली. नियंत्रण-खोलीतच, ऐन पाळी बदलताना. अर्धं फरशीवर, अर्धं माझ्या बुटावर.

आणि मी काय केलं? वाकून पाहिलं. पिवळट. गढूळ. तळाला कण. डोक्यात सरळ नोंद झाली! पोर थरथरतेय, आणि बाप नमुना बघतोय. हिने तिला उचललं, तोंड पुसलं आणि मला विचारलं, "कितव्यांदा?" मी म्हणालो, "पहिल्यांदाच. सकाळी ठीक होती." हिने मान हलवली. झालं. दोन कर्मचाऱ्यांचं बोलणं.

फरशी मी पुसली. वास जाईना, म्हणून क्लोरीनचं पाणी टाकलं. तेव्हा टिटवी हिच्या खांद्यावरून बारीक आवाजात म्हणाली, "आता घरच्यासारखा वास आला."

आमच्या कपड्यांना, हातांना, उशांना हाच वास. दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाचा वास असतो.

ही तिला घेऊन गेली, मी खुर्चीवर. डॉक्टर, ताप, रडणं — सगळं तिकडे. मी इकडे आठ तास काटे बघत. बूट ओलाच होता.

२७ मार्च, बुधवार

फोटो काढला आमचा. खात्याच्या अंकात छापायला. मथळा साहेबांनी स्वतः सुचवलाय — 'एक खुर्ची, एक संसार'. साहेबांना वाटतं यमक जुळलं की विचार झाला.

फोटोवाला म्हणाला, "वहिनी, जरा जवळ सरका. दादा, खांद्यावर हात ठेवा." ठेवला. हिचा खांदा एकदम ताठ! किती दिवसांनी हात लावला, ते आठवायला गेलो आणि सोडून दिलं. हात कुठे ठेवायचा तेच कळेना, परक्याच्या घरातल्या महागड्या वस्तूला लागावा तसा लागत होता. हीसुद्धा हसत होती ती फक्त दातांनी. फोटोवाला मात्र खूश. "वा वा! मेड फॉर ईच अदर!"

टिटवी मधेच माझा शर्ट ओढायला लागली. "बाबा, चला ना. आई आली ना."

"थांब, फोटो काढायचाय तिघांचा."

"पण आई आली की तुम्ही जायचं असतं. दोघं एकदम नसतात!"

फोटोवाला ह्या ह्या करून हसला. साहेब हसले नाहीत. बाहेर जाऊन बराच वेळ स्वतःच्या घरी फोनवर बोलत होते. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, ते बहुधा त्यांना आज पहिल्यांदा कळलं असावं. त्यांना तरी.

२८ मार्च, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. दोघांनाही. एक तारखेपासून दोघं सकाळपाळी! मी खुर्चीवर, ही प्रयोगशाळेत नमुने तपासायला. सुट्टी दोघांची रविवारी. "पोरीसाठी करतोय हे," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी उगाच नावं ठेवतो माणसाला.

हिने साहेबांसमोर माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, आनंदाने.

१ एप्रिल, सोमवार

आजपासून माणसांसारखं जगायचं.

सकाळी शेजारणीने टिटवीला शाळेत सोडलं. शाळा सुटल्यावर ती तासभर शाळेच्या वाचनालयात बसली. मग आम्ही दोघं मिळून तिला आणायला गेलो. दोघं! ती फाटकातून बाहेर आली, आम्हाला पाहिलं आणि जागीच थांबली. चेहरा पांढराफटक.

"कोण आजारी आहे?" तिने विचारलं.

ही हसायला गेली आणि तोंड फिरवून पदपथाकडे बघत राहिली.

५ एप्रिल, शुक्रवार

ही खाताना आवाज करते. मचमच नाही, त्याहून वाईट — दर घासाला जबडा टचकन वाजतो. लग्नाआधीपासून वाजत असणार. मी ऐकलाच नव्हता. आता दुसरं काही ऐकूच येत नाही.

हिचं म्हणणं, मी सकाळी घसा साफ करतो तो ऐकून ओकारी येते. "रोज असंच करतोस?" "अगं, जन्मापासून!" "बाप रे," म्हणाली. चेष्टेत नाही म्हणाली.

ओला टॉवेल पलंगावर कोण टाकतं, नळ अर्धवट कोण सोडतं, दुधाचं पातेलं तसंच कोण ठेवतं — पूर्वी वाटायचं, राहिलं असेल घाईत. पाळी होती ना! आता कळतं, घाईबिई काही नव्हती. माणूसच असं आहे. पाळ्यांमुळे एकमेकांबद्दल केवढं चांगलं मत होतं आमचं!

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

१२ एप्रिल, शुक्रवार

हे लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही.

माझ्याकडे टिटवी असायची तेव्हा नियम असे — टीव्ही बघत जेवलं तरी चालेल, अभ्यास झोपण्याआधी, बूट पलंगाखाली सरकवून द्यायचे. हिच्याकडे असायची तेव्हा — टीव्ही बंद, अभ्यास आधी, बूट कपाटात. इतकी वर्षं कधी भांडण झालं नाही. होणार कसं? मी असताना ही नाही, ही असताना मी नाही. एकाच घरात दोन घरं होती, आणि पोर रोज एकातून दुसऱ्यात ये-जा करत होती. चप्पल न घालता.

आज शाळेतून घरी आलो. टिटवीने बूट काढले, हातात धरले आणि तशीच उभी राहिली. माझ्याकडे बघे, हिच्याकडे बघे. मग विचारलं, "आज घर कोणाचं आहे?"

मी म्हणालो, "माझं." हीसुद्धा म्हणाली, "माझं." एकाच क्षणी! आणि दोघांच्याही आवाजात प्रेम नव्हतं. हक्क होता. जमिनीच्या भांडणातला.

टिटवीने विचार केला. एक बूट कपाटात ठेवला. दुसरा पलंगाखाली सरकवला. मग हात धुवून गप्प येऊन बसली.

आम्ही काय करावं? तिला जवळ घ्यावं? छे! आम्ही बुटावरून भांडलो. "तूच लाडावून ठेवलीस." "तू तर तुरुंगच केलास घराचा." भांडताना हिचा जबडा वाजत होता, आणि मी तोच ऐकत होतो. पोर समोर बसलीये याचं भान दोघांनाही नाही. इतका ओंगळवाणा माणूस मी असेन असं मला वाटलं नव्हतं. ही तशी असेल असंही नव्हतं वाटलं.

१३ एप्रिल, शनिवार

टिटवी बोलत नाही. म्हणजे विचारलं तर बोलते. आपणहून नाही. जेवताना घास उचलण्याआधी दोघांचे चेहरे बघून घेते. शेजारीणसुद्धा म्हणाली, "शहाणी झाली हो अलीकडे!" शहाणी!

१५ एप्रिल, सोमवार

अर्ज केला. दुपारपाळी मागितली. एकट्यासाठी. म्हणजे ही सकाळी, मी दुपारी, आणि पहिल्यासारखं सगळं. हजेरीचा कारकून — याला सगळे खोडरबर म्हणतात, कारण पाळ्यांचा तक्ता शिसपेन्सिलीने लिहितो आणि दिवसभर खोडत बसतो — त्याने अर्ज वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. काही बोलणार होता, पण बोलला नाही.

पोरीसाठी करतोय, असं स्वतःला सांगतोय. खोटं नाही. पण तेवढंच खरंही नाही.

हिला सांगितलं नाही. सांगायचं ठरलंय ते असं — साहेबांनी हलवलं, नाइलाज आहे.

१६ एप्रिल, मंगळवार

आज हिने माझ्यासाठी चहा केला. न मागता. मला वाटलं, हिला कळलं. नाही कळलं. नुसताच चहा. जास्तच गोड होता.

२२ एप्रिल, सोमवार

हुकूम हातात आला. एक मेपासून दुपारपाळी. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा चेहरा पाडून म्हणालो, "साहेबांनी मला दुपारपाळी दिली. काय करणार! आपल्या हातात असतं का?"

हिचा चमचा वरच्या वर थांबला.

"मलाही," ही म्हणाली. "मलाही दुपारपाळीच दिली साहेबांनी. काय करणार!"

तेच शब्द. तोच चेहरा. मी मलाच बघतोय असं वाटलं. साहेब अर्जाशिवाय कोणाचं टेबलसुद्धा हलवत नाहीत, हे मला माहीत आहे, आणि हिलाही. मेला तो खोडरबर! दोन अर्ज आले, दोन्ही मंजुरीला पाठवले, दोन्ही लिहून मोकळा झाला. तो काहीतरी बोलणार होता ते हेच. हिचा अर्ज माझ्याआधी आला असणार.

म्हणजे ही आधी.

बोलून टाकायची वेळ होती. तोंडापर्यंत आलंही. पण मी म्हणालो, "साहेबांना माणसाची किंमतच नाही." ही म्हणाली, "कधी नव्हतीच. नुसतं रडायचं नाटक." मी म्हणालो, "यमकं जुळवायला सांगा नुसती." ही खळखळून हसली! मग आम्ही साहेबांना पोटभर शिव्या घातल्या. मनापासून. पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. इतक्या गप्पा कित्येक महिन्यांत झाल्या नव्हत्या, आणि त्या एका भल्या माणसाची चामडी सोलत मारल्या. सगळ्या खोट्या.

टिटवी आमच्या हसण्याकडे बघत होती. मग तीही हसली. का हसायचं ते न कळता.

२३ एप्रिल, मंगळवार

साहेबांकडे गेलो. बदलून मिळेल का? त्यांनी दोन्ही अर्ज टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता सहा महिने काही नाही. या तुम्ही." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दोघंही दुपारी कामावर. म्हणजे शाळा सुटल्यापासून रात्रीपर्यंत टिटवीला बघणार कोण? इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही आम्हीच खणलेल्या.

२६ एप्रिल, शुक्रवार

सासूबाई आल्या. हिनेच फोन केला होता. जन्मात पहिल्यांदा मला सासू आल्याचा आनंद झाला, यावरून काय ते समजावं.

शाळेला सुट्टी लागलीच आहे. टिटवीला त्यांच्या गावी नेणार. "सुट्टीपुरती हो, जावईबापू. तोवर तुमचं काहीतरी ठरवा." ठरवायचं काय, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. पण पिशवी भरताना पोरीचे फ्रॉक हिने काढून दिले आणि त्यांनी घड्या घातल्या, तेव्हा मायलेकींचं हळू आवाजात काहीतरी चाललं होतं. मी आत गेल्यावर थांबलं.

बसथांब्यावर टिटवी खिडकीत बसली. रडेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "तिथे कोणाची पाळी असते?"

सासूबाई म्हणाल्या, "कोणाचीच नाही गं बाई. आम्ही म्हातारी माणसं, घरातच."

"दोघं?"

"दोघं."

टिटवीचा विश्वास बसलेला दिसला नाही. बस निघाल्यावर तिने हात हलवला. आधी हिला. मग मला. समान.

२ मे, गुरुवार

आता आम्ही एकत्र कामाला जातो, एकत्र येतो. बसायला आलो की खुर्ची तिसऱ्याच माणसाने तापवलेली असते. घरात आवाज नाही. जबडाही वाजत नाही हल्ली — की मी ऐकत नाही? जाताना रस्त्यात ही म्हणाली, "तिची तिकडे किती मजा चालली असेल, नाही?" मी म्हणालो, "हो ना." मग फाटक आलं.

६ मे, सोमवार

घरून निघायच्या आधी टिटवीचा फोन. हिने दोघांना ऐकू यावा म्हणून फोन टेबलावर ठेवला. केवढी बोलत होती! मांजर, विहीर, आजोबांचा चष्मा, शेजारची मुलगी, पुन्हा मांजर. आजी-आजोबा एकदमच जेवायला बसतात आणि कोणी उठून जात नाही, हे तर तिने दोनदा सांगितलं. मग म्हणाली, "इथे शाळापण आहे. मी इथेच राहू?" रडून नाही. हट्टानेही नाही. पाणी पिऊ का, असं विचारावं तसं.

मी हिच्याकडे पाहिलं. ही माझ्याकडे. 'नको, परत ये' — एवढंच म्हणायचं होतं. दुसरा म्हणेल, म्हणून दोघंही थांबलो. कोणीच म्हणालं नाही. मग 'राहा' असं कोण म्हणालं, ते मला आठवत नाही.

फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं. हिलाही वाटलं. मी पाहिलं.